रंगाआधी पायाचं बघा
वर एकानं लिहिलंय की अमेरिकेतल्या हडसन नदीत उभ्या असलेल्या हडसन-अथेन्स दीपगृहाचं छप्पर नीट केलं, रंग मारला की ते वाचलं. छप्पर करायलाच पाहिजे, पण खरं दुखणं पाण्याखाली आहे ओ. १८७४ सालचं हे विटांचं घर हडसन नदीच्या तळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे, आणि लाकूड गाळात पूर्ण गाडलेलं राहिलं, हवा लागली नाही तर शंभर-दीडशे वर्षं सहज टिकतं. आता प्रवाहानं आणि मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी तो गाळच सरकतोय, खांब उघडे पडून कुजायला लागलेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात धोक्यातल्या ११ वारसास्थळांत त्याचं नाव आलं ते यामुळंच.

आमच्या सोलापूरकडं भीमेत जिथं वाळू बेसुमार उपसलीय तिथं उन्हाळ्यात पुलाच्या खांबापाशी जाऊन बघा, खाली हातभर खडबडीत काँक्रीट उघडं दिसतं, जे कायम वाळूत असायला हवं होतं. वरनं पूल एकदम ठणठणीत! म्हणून दीपगृहाभोवती नदीत लोखंडी पत्र्यांचं कडं ठोकायचा जो बेत आहे, पैसा आधी त्यालाच जावा असं मला मनापासून वाटतं, रंग आणि आतलं फर्निचर नंतर.