दुपारची कॉन्सर्ट आणि मग लंडन: आईबाबांना कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,

सासूसासरे पुण्याहून आलेत, सप्टेंबरअखेरपर्यंत आहेत. दोघंही गाण्याचे वेडे, सवाईचं तिकीट कधी चुकवत नाहीत, पण संध्याकाळची कॉन्सर्ट म्हटलं की रात्री उशिरा ट्रेनने परत यायचं त्यांना नको वाटतं. इथे दुपारी जेवणाच्या वेळेत कॉन्सर्ट असतात ना, त्यातल्या कुठल्या चांगल्या? आणि एवढं ईलिंगहून जायचंच तर नंतर आसपास काय बघावं? बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे फार चालणं नको. पाश्चात्य संगीत दोघांनी बसून असं कधी ऐकलेलं नाही, कंटाळतील का?

*

अगं अजिबात नाही कंटाळणार! पाऊण-एक तासाचा तर कार्यक्रम असतो, एक वाजता सुरू आणि दोनला बाहेर. ज्यांचा कान सुरांना सरावलाय त्यांना व्हायोलिन किंवा चेलो ऐकायला ओळख लागत नाही, फक्त पहिल्यांदा भला मोठा ऑर्केस्ट्रा नको, एकटं वाद्य किंवा चौघांचं क्वार्टेट निवड, म्हणजे कोण काय वाजवतंय ते समोर दिसतं.

माझं ऐकशील तर विगमोर हॉलपासून सुरुवात कर. सीझनमध्ये सोमवारी एक वाजता असते, बीबीसीच्या रेडिओ ३ वर लाइव्ह जाते, म्हणून दहा मिनिटं आधीच जागेवर बसा. १९०१ साली बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने हा हॉल बांधला, पहिल्या महायुद्धात तो त्यांच्याकडून गेला आणि पुढे विगमोर नाव पडलं. जेमतेम साडेपाचशे खुर्च्या, बारीकसा सूरही मागे पोचतो. आईंना एवढंच आधी सांगून ठेव की एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मध्ये थांबले तरी टाळ्या नाहीत, आणि मनापासून आलेली ‘वा’ सुद्धा शेवटपर्यंत धरून ठेवायची. आपल्या माणसांना हे खरंच जड जातं.

तिथून वॉलेस कलेक्शन हे म्युझियम अगदी जवळ, प्रवेश फुकट, बसायला जागा आहेत. नाहीतर ब्रूक स्ट्रीटवर हँडेल या संगीतकाराचं घर बघा, त्याला तिकीट आहे, आणि त्या वारी उघडं आहे ना ते आधी बघून घ्या. १७२३ पासून मरेपर्यंत तो तिथेच राहिला आणि ‘मसाया’ ही त्याची गाजलेली रचना तिथेच लिहिली. नुकतंच संगीत ऐकून संगीतकाराच्या खोलीत उभं राहायचं, याहून छान दुपार मला तरी सुचत नाही. एका दिवशी एक कॉन्सर्ट आणि एकच जागा, बस्स. पाहुण्यांना आपण उगाच पळवतो.

ट्रफाल्गर स्क्वेअरचं सेंट मार्टिन चर्चही बघ, खाली क्रिप्टमध्ये, म्हणजे तळघरात, कॅफे आहे. आणि समोरच्या नॅशनल गॅलरीची गोष्ट बाबांना नक्की सांग. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, चित्रं बाहेरगावी हलवलेली, हॉल बंद, शहर रात्री अंधारात. तेव्हा मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या गॅलरीत दुपारच्या कॉन्सर्ट सुरू केल्या, एक शिलिंग तिकीट, सोमवार ते शुक्रवार, आणि एप्रिल १९४६ पर्यंत सुमारे सतराशे झाल्या. बॉम्ब पडत होते तेव्हा खाली तळघरात, पण बंद नाही केल्या. या शहराबद्दल मला जी माया आहे ना ती बरीचशी या एका गोष्टीमुळे.

*

काकूंचं बाकी सगळं पटलं, पण कॉन्सर्टनंतर लगेच म्युझियम मला तरी नको वाटतं. कानात सूर असताना भिंतीवरच्या पाट्या कशाला वाचायच्या? त्यापेक्षा उघड्यावर बसावं.

आणि चर्चमधला तो भला मोठा पाइप-ऑर्गन राहिलाच की! बँकेत, ऑफिसात काम करणारे लोक डबा खाऊन येऊन बसतात असे रिसायटल, म्हणजे एकट्या वादकाचे कार्यक्रम, सिटी या लंडनच्या बँकांच्या भागातल्या जुन्या चर्चेसमध्ये खूप होतात, बरेचसे फुकट, दारात डब्यात मनाला येईल ते टाकायचं. वादक दिसेल अशी जागा मिळाली तर त्याचे पाय बघायला सांगा, दोन्ही हात चालू आणि खाली पायांनी वेगळीच ओळ. टेम्पल चर्चला जमलं तर जरूर जा, ११८५ सालचं गोल चर्च आहे. गांधीजी ज्या इनर टेम्पल या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले ते तिथलंच, वकिलांची अंगणं शांत असतात, पण काही ठिकाणी फरशी उंचसखल आहे, बाबांचा हात धरा. गिल्डहॉल या सिटीच्या जुन्या सभागृहाशेजारी सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्च आहे, तिथल्या चौकात काळ्या दगडाची गोल रेघ दिसेल, खाली रोमन काळाचं अँफिथिएटर सापडलंय तिची खूण.

चर्चमधली बाकं कडक असतात, छोटी उशी न्या. आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी सुट्टी, वेबसाइट बघूनच निघा.

*

काकू, दादा, खूप खूप आभार! आईंना सगळं वाचून दाखवलं, त्यांना आधी हँडेलचं घर हवंय आणि बाबांना ऑर्गन, तेव्हा दोन वेगळे दिवस करतोय. सीझन सुरू झाला की पहिल्या जमेल त्या सोमवारी विगमोर. एलिझाबेथ लाइनने बॉण्ड स्ट्रीटला लिफ्ट आहे म्हणून तिकडूनच येऊ. आणखी कुणाचे आईवडील आलेले असतील तर कळवा, तिकिटं एकदमच काढते.