वर्गणी आणि महाप्रसाद पोरांच्या हाती : कुठवर? (इंदूर)

रामबागकर
यंदा गल्लीच्या गणपतीची वर्गणी आणि शेवटच्या दिवसाचा १५० पानांचा महाप्रसाद १५ ते १७ वयाच्या सहा मुलामुलींकडे द्यायचं चाललंय. ज्येष्ठ म्हणतात, पैसे आणि गॅस सोडून काय ते द्या. मग उरल्या सतरंज्या! नेमकं काय सोपवावं?

जुना_खजिनदार
पैसेच सोपवा. फक्त चौकट आखून द्या.

पावतीपुस्तक देताना पहिला आणि शेवटचा नंबर वहीत लिहून सही घ्या. पावती चुकली तर फाडायची नाही. दोन्ही प्रतींवर काट मारून पुस्तकातच ठेवायची. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा, कुणा मुलाच्या फोनचा नको. यूपीआयने आलेल्या पावतीवर ‘यूपीआय’ आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे. हे राहिलं की ती रक्कम रोकडीत धरली जाते आणि रात्री गल्ला जुळत नाही. दहापैकी आठ घोळ इथलेच.

रोज रात्री दोघांनी मिळून मोजायचं. पन्नास रुपये कमी भरले तर वहीत ‘तूट ५०’ लिहायचं, खिशातून भरायचे नाहीत. मुलं घाबरून भरतात, चूक झाकली जाते आणि पुढची मोठी होते. तूट लिहिली म्हणून कुणी ओरडलं, तर दुसऱ्या दिवसापासून वही खोटी बोलायला लागते.

हजार रुपयांपर्यंतचा खर्च त्यांनीच ठरवायचा. प्रत्येक वेळी काकांना विचारायचं असेल, तर ती जबाबदारी नाही, हमाली.

पंगतवाला
मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरा, म्हणजे १२ किलो. मुलं घरचं प्रमाण सरळ गुणतात आणि तिथेच फसतात. मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी उडते, म्हणून पाणी दुपटीहून थोडं कमी. मीठ हिशेबाच्या पाऊणपट घालून चव घ्यायची. एकाच पातेल्यात १२ किलो शिजवलात तर खाली करपतो, वर कच्चा राहतो; मग कुणीतरी झारा फिरवतो आणि गिचका होतो. सहा-सहा किलोची दोन पातेली करा. शितात बारीक कणी असतानाच आच बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा.

१९ किलोचं सिलिंडर जोडणं, साबणाच्या पाण्याने गळती बघणं, भट्टी पेटवणं आणि पातेलं उतरवणं मोठ्यांकडेच. भरलं पातेलं वीस किलोच्या वर जातं आणि कडेने वाफ येते.

सियागंज_फेरी
सामान आणायला पोरांना अ‍ॅक्टिव्हा देऊ नका. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं असतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाव मुलांनीच करावा, माल लोडिंग रिक्षाने यावा.

रामबागकर
यादी त्यांनीच केली आणि मीठच राहिलं तर?

पंगतवाला
मीठ कोपऱ्यावर मिळतं. यादी दुरुस्त करू नका; ‘आमटीला काय काय लागतं, मोठ्याने म्हण’ एवढंच विचारा. भाड्याच्या भांड्यांचं बुकिंग मात्र आठ दिवस आधी स्वतः बघा. अनंत चतुर्दशीला ऐनवेळी मोठं पातेलं मिळत नाही.