नदीकाठ सुधार: पूर, पक्षी आणि ट्रॅक तिन्ही एकदम जमणार?

औंधची:
परवा बंडगार्डनच्या नव्या काठाचे फोटो टाकून एकाने लिहिलं होतं, महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर काठ असाच झाला की पूर जाईल, पक्षी येतील, विरोध करणाऱ्यांना पुण्याचं चांगलं बघवत नाही. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच. बावीस वर्षं औंधात राहतेय. राम नदी मुळेला मिळते तिथे वाळुंज, उंबर, करंज उभे आहेत, मुळं अर्धी पाण्यात, आणि पावसाळा संपला की फांद्यांच्या बेचक्यात चिंध्या नि प्लॅस्टिक अडकलेलं दिसतं, माझ्या डोक्याच्याही वर. म्हणजे पाणी तिथवर चढतं आणि झाड जागचं हलत नाही. हे काढून भराव टाकायचा, दगडी पिचिंग करायचं, म्हणजे काठ दगडांनी बांधून काढायचा, वर चालायचा ट्रॅक. पात्र आवळलं की पाणी उंची धरणार, जाणार कुठे? आणि शेकाट्या, धोबी, हळदी-कुंकू बदक यांना उथळ चिखलाची कड लागते, उभी भिंत नाही.

रोजपळणारा:
ताई, फोटो मीच टाकला होता. त्या काठावर आधी काय होतं ते मी रोज बघितलंय, राडारोड्याचे ढीग, रात्री डंपर येऊन ओतून जायचे, नाक दाबून पळावं लागायचं. तेव्हा कुठे होते सगळे नदीप्रेमी? माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आमच्या फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, तिला सलग चालायला मिळालेली ही पहिली जागा आहे. आणि महापालिका म्हणतेय की राडारोडा काढून पात्र मोकळं झालं की पूरपातळी उतरेल.

मुठाकाठ:
आधी मैलापाणी थांबवा मग काठ सजवा. जायका या जपानी संस्थेच्या पैशातून होणाऱ्या ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचं काम आधी व्हायला हवं होतं. साबरमतीचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे नर्मदा कालव्याचं पाणी सोडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी प्यायला नि शेतीला पुरवताना मारामार, मग प्रकल्पातल्या बंधाऱ्यांत अडवणार काय? सांडपाणीच ना. त्यावर जलपर्णी, जलपर्णीवर डास. खराडीला बहीण राहते, संध्याकाळी सहाला खिडक्या बंद करून बसतात.

तळमजला:
पूरपातळी उतरेल म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे या. सिंहगड रस्त्याजवळ मुठेकाठची एकतानगरी, २५ जुलै २०२४. पहाटे उठलो ते पाण्यात पाय टाकूनच. खडकवासला धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात, वर धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी वेगळं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. वडील ८१ वर्षांचे, त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं.

रोजपळणारा:
वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो. ब्लू लाईनच्या, म्हणजे नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत फ्लॅट घेतला की हे होणारच. स्वस्त मिळाला म्हणून घ्यायचा आणि मग नदीला नाहीतर महापालिकेला शिव्या द्यायच्या.

तळमजला:
स्वस्त?? निवृत्तीचा सगळा पैसा गेलाय त्यात! बिल्डरने दाखवलेल्या नकाशावर कुठलीच रेघ नव्हती, बँकेने कर्ज दिलं, रजिस्ट्रेशन झालं, घरपट्टी दरवर्षी घेतात. मला ब्लू लाईन हा शब्द कळला तो पाणी ओसरल्यावर. तुम्ही घर घेताना पाटबंधारे खात्यात जाऊन पूररेषा तपासली होती का? हो किंवा नाही सांगा.

शनिवारातला:
सांगणार नाहीत ते. कोणीच तपासत नाही. आमच्या वाड्यात १२ जुलै १९६१ ची खूण भिंतीवर होती, आजोबांनी कोळशाने ओढलेली, पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं ती. वाडा पाडून बिल्डिंग झाली, खूण गेली. नवीन भाडेकरूंना सांगितलं की इथे पाणी आलं होतं तर वेड्यासारखं बघतात.

रोजपळणारा:
नाही, तपासली नव्हती. झालं समाधान? पण मग तेच म्हणतोय ना मी, रेषेच्या आत बांधायला परवानगी देणाऱ्यांना धरा. चालायच्या ट्रॅकवर राग कशाला काढता?

औंधची:
कारण ट्रॅकसाठी टाकलेला भरावही त्याच रेषेच्या आत येतो! बिल्डरने टाकला तर अतिक्रमण आणि महापालिकेने टाकला तर सुधारणा, असं पाण्याला कळत नाही. ब्लू लाईन म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदाचा पूर म्हणे, इथे २०१९ ला आंबिल ओढा, २०२४ ला मुठा. तुमच्या आईंसाठी बंडगार्डनचा ट्रॅक राहू दे, तो झालाय, त्यावर मी वाद घालत नाही. पण राम-मुळा संगमाला हात लावू नका. तिथे मातीची पायवाट आहे, पहाटे खंड्या हाताच्या अंतरावर बसतो. आईंना घेऊन या एकदा.

रोजपळणारा:
मातीच्या वाटेवर आईला चालता येत नाही म्हणून तर हे सगळं सांगतोय. संगमावरची जुनी झाडं तोडू नयेत, एवढं मान्य. बाकी नाही.

मुठाकाठ:
आणि डासांचं काय ते कोणीच बोललं नाही.

तळमजला:
तुमचं चालू द्या. आमच्या बिल्डिंगने आता ठरवलंय, विसर्ग १५ हजार क्युसेकच्या वर गेला की गाड्या वरच्या रस्त्याला लावायच्या आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या मजल्यावर झोपवायचं. वडिलांची औषधं जूनपासून वरच्या काकूंच्या कपाटात असतात.