मदत हवी आहे: आखाजी-कानबाईच्या गाण्यांवर सटीप संदर्भसूची करायची आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात सुरुवात कुठून करू?

गिरणाकाठ
नमस्कार. एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प आहे, विषय आखाजी (खानदेशातली अक्षय्य तृतीया) आणि कानबाई (खानदेशातली देवी) यांची अहिराणी, म्हणजे खानदेशच्या बोलीतली, गाणी. मॅडमनी आधी १५ नोंदींची सटीप संदर्भसूची मागितली आहे. प्रत्येक नोंदीखाली १०० ते १५० शब्दांची टीप हवी. मुदत तीन आठवडे.

ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर ‘अहिराणी लोकगीते’ टाकलं की दोनच पुस्तकं येतात, त्यातलं एक बाहेर दिलेलं. ‘कानबाई’ टाकलं तर शून्य. पुस्तकं खरंच नाहीत, की मीच चुकीचं शोधतेय? आणि टीप म्हणजे पुस्तकाचा सारांशच ना? गाण्यांचे संग्रह सूचीत धरायचे की फक्त त्यांच्यावरचं लेखन?

पांझरा
ताई, पुस्तकं बहुतेक असतील, शोध अडकतोय. मराठी पुस्तकांच्या नोंदी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या असतात. काही देवनागरीत, काही रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये ‘अहिराणी’ची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांची. म्हणून अख्खं शीर्षक टाकू नका. ‘अहिरा’ एवढंच टाका, जमलं नाही तर त्यापुढे तारांकन (*) लावा, मग हेच रोमनमध्ये करा. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ हे कॉम्प्युटरला दोन निराळे शब्द आहेत. ‘कानबाई’बरोबर ‘कानुबाई’ टाका. ‘आखाजी’ला ‘अक्षय्य तृतीया’, ‘अक्षय तृतीया’ आणि जोडून ‘अक्षयतृतीया’ अशी तिन्ही रूपं टाकून बघा.

जिल्ह्याच्या नावानेही शोधा, पण काळ लक्षात ठेवून. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे १९९० सालच्या पुस्तकात ‘धुळे जिल्ह्यातील गाणी’ असतील तर त्यात शहादा, तळोदा, नवापूरही आले. टीप लिहिताना हे सांगावंच लागतं, नाहीतर गाणी कुठली याचा घोळ होतो.

आता कपाटाकडे. तुमचा विषय एका वर्गांकात (पुस्तकाला विषयानुसार दिलेल्या आकड्यात) मावत नाही, ‘नाहीत’ वाटायचं खरं कारण हेच. ड्यूई या वर्गीकरणाच्या पद्धतीने लोकसाहित्य ३९८ला असतं. सणवार ३९४.२६ला, हिंदू धर्म आणि देवदेवता २९४.५ला. मराठी भाषा आणि बोली ४९१.४६ला. लोकसंगीत ७८१.६२ला, मराठी कविता ८९१.४६१ला. खानदेशाचा इतिहास ९५४.७९२च्या आसपास. एकाच तऱ्हेचे दोन गाण्यांचे संग्रह, त्यातला एक ३९८ला आणि दुसरा ८९१.४६१ला, असं सर्रास सापडतं, कारण वर्गांक देणाऱ्याने एकदा ‘लोक’कडे पाहिलेलं असतं आणि एकदा ‘गीत’कडे. म्हणून जे एक पुस्तक हाती लागलं आहे त्याचा वर्गांक घ्या आणि त्या कप्प्यातली डावी-उजवीकडची दहा-दहा पुस्तकं उघडून पाहा. कपाटं कुलपात असतील तर मागणीपत्रावर नाव न लिहिता ‘३९८, मराठी, पाहण्यासाठी’ असं लिहून ग्रंथपालांना भेटा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा आत सोडतात.

जे पुस्तक बाहेर आहे त्याची मागणी आजच नोंदवा. त्याची एखादी प्रत संदर्भ विभागात आहे का तेही विचारा. ती घरी नेता येत नाही, पण तिथे बसून वाचता येते.

केळीबाग
टिपेबद्दल. सारांश हा टिपेचा एक तुकडा झाला, साधारण तिसरा हिस्सा. बाकीच्यात तीन गोष्टी याव्यात: लेखकाने सामग्री कुठून आणि कशी मिळवली, ती कुठे कमी पडते, आणि तुमच्या प्रकल्पाच्या कोणत्या भागाला ती उपयोगी आहे. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला की ही तिन्ही अंगं सुटतात. परीक्षकाला ते पहिल्या ओळीतच कळतं, कारण मलपृष्ठ फक्त कौतुक करतं.

एक नमुना देतो. नोंद: ग्रिअर्सन, जी. ए. (संपा.), लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया, खंड ९, भाग ३, कलकत्ता, १९०७. टीप: ‘या भागात भिल्ली भाषांसोबत खानदेशीची नोंद आहे. व्याकरणाची रूपरेषा देऊन पुढे भाषेचे नमुने दिले आहेत. सर्वेक्षणाच्या पद्धतीप्रमाणे ठरावीक नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचा अनुवाद. तो अनुवाद असल्याने बाया म्हणतात त्या गाण्यातली लय, पुनरुक्ती, संबोधनं त्यात येण्याचं कारण नाही. खानदेशीला भिल्लीच्या शेजारी बसवणारं हे वर्गीकरण पहिल्या प्रकरणात चर्चेसाठी घेणार आहे. गाण्यांच्या अर्थासाठी या ग्रंथाचा उपयोग नाही.’ यात पुस्तकाची स्तुती नाही, निंदाही नाही. तुमचा प्रश्न समोर ठेवून पुस्तक तपासलं आहे.

त्यासाठी आधी प्रश्न नेमका करावा लागतो. ‘आखाजी-कानबाईची गाणी’ हा विषय झाला. ‘आखाजीच्या गाण्यांत सासर-माहेर कसं येतं आणि कानबाईच्या गाण्यांत देवीला लेकीसारखं संबोधतात का’ हा प्रश्न झाला. प्रश्न हाती असला की ४० पुस्तकं चाळून १५ निवडणं तीन-चार दुपारींचं काम आहे. तो नसला तर चाळीसही उपयोगाची वाटतात.

संग्रह अवश्य धरा, फक्त सूचीचे दोन भाग करा: मूळ सामग्री आणि तिच्यावरचं लेखन. पंधरापैकी चार-पाच संग्रह पुरे. संग्रहाच्या टिपेत संकलकाने गाव, गाणारीचं नाव, वर्ष दिलं आहे की नाही हे आधी लिहा. ज्या संग्रहात यातलं काहीच नाही त्याच्यावर भाषेचा निष्कर्ष उभा करता येत नाही.

सातपुडा
लेख कॅटलॉगमध्ये येत नाहीत, हे नव्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. दिवाळी अंक, गौरवग्रंथ, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, महाविद्यालयांचे वार्षिक अंक यांच्या पोटात अहिराणीवरचं खूप लेखन पडून आहे. नियतकालिक विभागात बांधीव खंड मागा आणि फक्त अनुक्रमणिका वाचत जा. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्या वेळचं छापील साहित्य ग्रंथालयात आलं आहे का तेही विचारा. १९५० पूर्वीच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ संदर्भ विभागात असते. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०.

शोधगंगावर (विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) जळगावच्या विद्यापीठाचे प्रबंध पाहताना दोन्ही नावं टाका. १९९० ते २०१८ ते ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ होतं, त्यानंतर ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. प्रबंध प्रकरणवार फायलींत असतो, संदर्भसूची बहुधा शेवटच्या फायलीत. ती वाचाच, पण तिच्यातली नोंद जशीच्या तशी उचलू नका. चुकीचं साल एका प्रबंधातून दुसऱ्यात असंच वाहत जातं. पुस्तक हातात घेतल्याशिवाय टीप लिहायची नाही. इंग्रजी लेखांसाठी कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं पुरवणारी योजना) सदस्य असेल तर लॉगिन ग्रंथपाल देतात, मिळायला दोन दिवस धरा.

एक खबरदारी. ‘बहिणाबाई’ टाकलंत तर सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) एकत्र येतील. चौधरींच्या कवितेची बोली लेवा गणबोली (लेवा समाजाची बोली) आहे, तिला अहिराणीत मोजू नका. तुलनेसाठी घेतलीत तर टिपेत तसं स्पष्ट लिहा.

गिरणाकाठ
मनापासून आभार. आज वर्गांकाने शोधलं तर ३९८ आणि ८९१.४६१ मिळून अकरा पुस्तकं निघाली! दोन अडचणी आहेत. एका जुन्या संग्रहाचं कव्हर गेलंय, नवी बांधणी आहे आणि प्रकाशनवर्ष कुठेच नाही. दुसऱ्यावर फक्त ‘शके १८५४’ आहे.

पांझरा
शके सोपं आहे. ७८ मिळवा, १९३२ आलं. शक वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून महिना माहीत नसेल तर ‘शके १८५४ (१९३२-३३)’ असं लिहा. मूळ शके काढून टाकू नका.

बिनसालाच्या पुस्तकात आधी शीर्षकपानाच्या मागचं पान पाहा. बांधणीत ते कधी कधी पुठ्ठ्याच्या आतल्या कागदाला चिकटलेलं असतं, उजेडात धरलं तर अक्षरं दिसतात. ओढून सोडवू नका, जुना कागद तुकड्यांनी निघतो. तिथे नसेल तर प्रस्तावनेच्या शेवटी डाव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख असते. ते साल चौकटी कंसात, पुढे प्रश्नचिन्ह लावून द्या. तेही नसेल तर पुस्तकावरचा दाखल क्रमांक टिपा आणि ग्रंथपालांकडे दाखलनोंदवही मागा. त्या क्रमांकासमोर पुस्तक आल्याची तारीख असते, म्हणजे छपाई त्याआधीची हे पक्कं. सूचीत ‘प्रकाशनवर्ष नाही’ लिहा आणि टिपेत ‘ग्रंथालयात दाखल अमुक साली, त्यापूर्वीचे’ एवढं जोडा.

बांधणाराने समास कापताना पानांचे आकडेही छाटलेले असतात. तेव्हा शाबूत आकड्याच्या पानापासून मोजत या, आणि चित्रांच्या कोऱ्या पानांना क्रमांक धरला आहे का ते दोन ठिकाणी पडताळा. हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर उतरवा, एका पुस्तकाला एक कार्ड: पुढे नोंद, मागे टीप, कोपऱ्यात वर्गांक आणि दाखल क्रमांक. छापताना मॅडमनी एखादं पान पुन्हा बघायला सांगितलं की तेच पुस्तक दोन मिनिटांत हातात येतं.