कच्चा आहार सुरू केल्यापासून अंगात त्राणच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय पण प्लीज पूर्ण वाचून सांगा. महिना-दीड महिना झाला असेल, मी जवळजवळ पूर्ण कच्च्या आहारावर आहे. म्हणजे फळं, पालेभाज्या, काकडी-गाजर-टोमॅटो, मोड आलेले मूग, भिजवलेले बदाम, आणि गॅसवर काहीच चढवायचं नाही. साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं नको असं म्हणतात, ते मी नीट पाळते. दूध आणि अंडी आधीपासूनच खात नाही. चहा-कॉफी त्याच वेळी बंद केली, आणि मीठही जवळपास सुटलंय कारण सॅलडवर लिंबू पिळलं की मला पुरे होतं.

फायदे झालेत ते आधी सांगते, नाहीतर सगळे सरळ 'सोडून दे' म्हणाल. पोट साफ राहतं, जेवल्यावर जी गुंगी यायची ती येत नाही, फळांची चव इतकी छान लागायला लागलीय की बिस्किटांची आठवण पण येत नाही. मला हे मनापासून आवडतंय आणि शक्यतो सोडायचं नाहीये.

पण एनर्जी पार गेलीय हो. सकाळी बरी असते, अकराच्या सुमाराला हात गार पडायला लागतात, दुपारी चारनंतर डोकं चालतच नाही, एकच मेल पुन्हा पुन्हा वाचते. खुर्चीतून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा संध्याकाळी गाजरं चिरत ओट्याशी उभी होते, अर्ध्यातच सुरी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि उरलेली बसून चिरली. दुखत काही नव्हतं, तापही नव्हता, नुसतं उभं राहवत नव्हतं.

दिवसभराचं खाणं असं - सकाळी दोन सफरचंदं आणि एक संत्रं. दुपारी मोठा बाऊल भरून सॅलड, त्यात मूठभर मूग. संध्याकाळी पपई किंवा कलिंगड आणि आठ-दहा बदाम. रात्री पुन्हा सॅलड आणि पालक घालून केळ्याची स्मूदी. पोट टम्म भरतं, चावून चावून जबडा दुखतो, त्यामुळे कमी खातेय असं अजिबात वाटत नाही. वजन उतरलंय, पाळी यावेळी बरीच लांबलीय (प्रेग्नन्सी नाही, टेस्ट केलीय).

विचारायचं हे की हे सुरुवातीचं असतं का आणि आपोआप जातं का? कच्चं खाऊनच ताकद टिकवायची तर काय वाढवू? आणि रक्त तपासायचं तर नक्की काय काय तपासू?

प्रतिसाद -
हे डिटॉक्स आहे, घाबरू नकोस. इतक्या वर्षांची घाण बाहेर पडताना थकवा येणारच. शिजवल्यावर अन्नातली एन्झाइम्स मरतात, ती आता तुला पहिल्यांदाच मिळतायत. तग धर, अजून महिनाभरात बघ कशी पळायला लागशील.

प्रतिसाद -
वरच्यांचा हेतू चांगला आहे पण मी अजिबात सहमत नाही, आणि ताई तुम्ही प्लीज महिनाभर थांबू नका. डिटॉक्सच्या नावाखाली लोक खरी लक्षणं अंगावर काढतात हे मी जवळून पाहिलंय. शरीरातला नको तो माल लिव्हर आणि किडन्या रोजच बाहेर काढत असतात, त्यासाठी अंधारी यावी लागत नाही. आणि एन्झाइम्स म्हणजे प्रोटीनच, भाजीतली एन्झाइम्स बहुतेक पोटातल्या ॲसिडमध्ये गेली की इतर प्रोटीनसारखीच पचून जातात, आपलं अन्न पचवायची एन्झाइम्स आपलं शरीर स्वतः बनवतं. चहा-कॉफी सोडल्याचा त्रास म्हणाल तर तो असतो, डोकं दुखतं, मरगळ येते, पण शेवटचा कप घेतल्यावर १२ ते २४ तासांत सुरू होऊन साधारण आठवड्या-दीड आठवड्यात संपतो. तुमचं तर त्याच्या कितीतरी पुढे गेलंय.

मला विचाराल तर तुम्ही खूपच कमी खाताय. पोट भरणं वेगळं आणि शरीराला पुरणं वेगळं. काकडीत ९५ टक्के पाणी असतं, १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी. टोमॅटो आणि लेट्यूसही त्याच रांगेतले. तो मोठा बाऊल ४०० ग्रॅमचा धरला तरी शंभरेक कॅलरीच्या आसपासच जातो. मी तुमचं सगळं जोडून बघितलं, सफरचंदं, संत्रं, पपई, केळं, बदाम, दोन्ही बाऊल, मला तर हजाराच्या आतच वाटतंय. बाईमाणसाला साधारण १८०० ते २००० लागतात, हालचाल जास्त असेल तर आणखी. मग हात गार पडणं, डोकं न चालणं, पाळी लांबणं हे सगळं एकाच दोऱ्यातलं दिसतं, शरीर जिथे जमेल तिथे खर्च कापतंय. जर्मनीत कच्चं खाणाऱ्या लोकांची पाहणी झाली होती, १९९९ मध्ये छापून आली, त्यात ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित तरी झाली होती किंवा बंदच पडली होती. घाबरवत नाहीये, पण पाळीचं तुम्ही कंसात लिहिलंय ना, ती या अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आता वाढवायचं काय. सॅलड वाढवू नका, त्यात जागा संपेल पण भागणार नाही. दाट अन्न हवं. १०० ग्रॅम बदामात ५८० च्या आसपास कॅलरी असतात, तुमच्या आठ-दहा बदामांतून साठ-सत्तरच मिळतायत. बदाम-अक्रोड मिळून मोठी मूठ, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, सॅलडवर तिळाची पेस्ट नाहीतर चमचाभर तेल, अर्धं अव्होकाडो, स्मूदीत एकाऐवजी दोन केळी आणि चार खजूर. सॅलडमध्ये तेलाचा किंवा बियांचा अंश असला की गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यं पण नीट शोषली जातात, कोरडं खाल्लं तर बरीचशी तशीच बाहेर. सकाळी नुसती फळं खाल्ल्याने अकरा वाजता गळाल्यासारखं होत असेल, फळांबरोबर मूठभर सुकामेवा घेऊन बघा. प्रोटीनचं पण बघा, किलोमागे रोज ०.८ ग्रॅम हे किमान धरतात, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम. मोडाच्या मुगात १०० ग्रॅमला तीनच ग्रॅम असतं, मूठभर मुगावर भागत नाही.

मीठ एकदम तोडू नका. बीपी कमी राहत असेल तर उठताना अंधारी त्यानेही येते, आणि आयोडिनवालं मीठ सुटलं की आयोडिनही सुटतं, मोठ्यांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं.

प्रतिसाद -
+१ वरच्या पोस्टला. टेस्टचं विचारलंत म्हणून - सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरात साठवलेलं लोह), बी१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइडसाठी), फास्टिंग शुगर. बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही. नुसतं हिमोग्लोबिन बघून 'नॉर्मल आहे' म्हणू नका, साठवलेलं लोह आधी संपतं, हिमोग्लोबिन नंतर खाली येतं, म्हणून फेरिटिन आवर्जून करा.

बी१२ बद्दल स्पष्ट सांगते, वनस्पतींतून ते भरवशाने मिळतच नाही, कच्चं असो की शिजवलेलं. दूध-अंडीही नाहीत म्हणजे गोळी घ्यावीच लागेल, यात दुसरा मार्ग नाही. स्पिरुलिनावर विसंबू नका, त्यात बहुतेक जे असतं ते आपल्या शरीराला वापरता येत नाही. लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो म्हणून कमतरता उशिरा कळते, आणि पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर जात असलं की रक्तात ती लपूनही राहते, इकडे नसांवर परिणाम सुरू झालेला असतो. तुम्ही दूध-अंडी किती वर्षांपासून खात नाही? हातापायाला मुंग्या येतात का? डॉक्टरकडे गेलात की पाळीचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

प्रतिसाद -
दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून. मोड घरी आणत असलात तर स्वच्छतेकडे फार लक्ष द्या. मोड यायला लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई कोलायची मोठी साथ आली होती, पन्नासहून जास्त माणसं गेली. गरोदर बायकांनी, लहान मुलांनी, वयस्कर माणसांनी कच्चे मोड टाळलेलेच बरे. आणि कच्चा आहार म्हणून राजम्याला कधी मोड आणून खाऊ नका, त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन नीट खळखळ उकळल्याशिवाय जात नाही, थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या सुरू होतात.

दुसरं, रोज पालकाची स्मूदी नको. त्यात ऑक्झलेट, म्हणजे किडनीत खडे व्हायला मदत करणारा घटक, खूप असतो, किडनी स्टोनचा त्रास असणाऱ्यांना तर नकोच. कधी लेट्यूस, कधी केल, कधी कोबी असं बदला.

धागाकर्ती -
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल वजनकाटा घेऊन खरोखर सगळं मोजलं. बाऊलभर सॅलड काट्यावर भरपूर दिसतं आणि कॅलरी बघितल्यावर धक्काच बसला, मूठभर अक्रोड त्या अख्ख्या बाऊलपेक्षा जास्त. सकाळी फळांबरोबर अक्रोड आणि खजूर सुरू केलेत, सॅलडवर तिळाची पेस्ट आणि मीठ घालतेय. अकराचं गार पडणं जरा कमी वाटतंय, चारचं मात्र तसंच आहे. दूध-अंडी बंद करून बरीच वर्षं झाली आणि हो, रात्री पायाला मुंग्या येतात, मी ते बसण्याच्या सवयीमुळे असेल असं समजत होते. ब्लड टेस्टची अपॉइंटमेंट घेतलीय.

एक अडचण - एकदम बिया आणि सुकामेवा वाढवला तर पोट फुगतंय, गॅस होतोय. काय करू? आणि एक वेळ शिजवलेलं खाल्लं तर आतापर्यंतचा फायदा जाईल का?

प्रतिसाद -
बी१२ ची टेस्ट व्हायच्या आधी गोळी सुरू करू नका, रिपोर्ट चुकीचा चांगला दिसेल. पण मुंग्या येतायत म्हटल्यावर अपॉइंटमेंट लांबची असेल तर अलीकडची मागून घ्या.

पोट फुगतंय कारण फायबर आणि फॅट दोन्ही एकदम वाढलं. दोन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवा, बिया रात्रभर भिजवा नाहीतर वाटून घ्या, कच्चा कांदा, लसूण, फ्लॉवर काही दिवस बाजूला ठेवा आणि सफरचंदाऐवजी केळं, संत्रं घेऊन बघा.

शिजवलेल्याने काहीही जात नाही, निर्धास्त राहा. उकळल्यावर व्हिटॅमिन सी आणि फोलेट कमी होतं हे खरं, पण टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटिन शिजवल्यावर जास्त मिळतं, आणि बटाटा, डाळ, धान्य यांतली ताकद तर शिजवल्याशिवाय आपल्याला नीट काढताच येत नाही. संध्याकाळी चारच्या आधी वाटीभर शिजवलेली डाळ आणि धान्य घ्या, बाकी दिवस तुमच्या आवडीचा कच्चा ठेवा. डाळीवर लिंबू पिळायला विसरू नका, त्यातलं लोह चांगलं शोषलं जातं.

धागाकर्ती -
उद्यापासून दुपारी डाळ करते. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली होती, फोन करून परवाची मिळाली. फेरिटिनच्या आधी उपाशी राहावं लागतं का आणि पाळी नेमकी तेव्हाच आली तर टेस्ट पुढे ढकलू का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा, बाकी रिपोर्ट आले की इथेच टाकते.