आधी रस्ता मुलांसोबत चालावा

दहा वर्षांच्या मुलाला मैदानावर एकट्याने पाठवावे का, या प्रश्नाला ‘आता काळ पूर्वीसारखा राहिला नाही’ असे उत्तर दिले जाते. काळ बदलला हे मान्य, परंतु सोलापुरात मला अनोळखी माणसापेक्षा भरधाव वाहनांची भीती अधिक वाटते, आणि त्यासाठी मुलांची तयारी करून घेता येते.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना सात रस्ता परिसरातील घरापासून मैदानापर्यंत मी आठवडाभर तिच्यासोबत चाललो. पहिले दोन दिवस मी पुढे होतो, नंतर ती पुढे आणि मी वीस पावले मागे. कोठे थांबायचे, उभ्या बसच्या पुढून रस्ता का ओलांडायचा नाही, हे तिनेच मला सांगायचे, असे ठरले होते. त्यानंतर ती मैत्रिणींसोबत जाऊ लागली, दिवेलागणीच्या आत परतण्याच्या अटीवर. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून तेव्हा साडेपाचनंतरच. पाण्याबाबत मात्र मी तडजोड करणार नाही: सिद्धेश्वर तलाव असो वा कंबर तलाव, मुलांना पोहता येत असले तरी काठावर मोठे माणूस हवेच.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम खेळ हा प्रत्येक बालकाचा हक्क मानते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तरीही ‘मुलाला पाठवावे का’ असेच विचारले जाते, मुलीचा प्रश्न बहुतेक घरांत निघतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.