शेल्फवरच्या फिगर्स धुळीने भरतात आणि आता हाताला चिकट पण लागतायत, काय करू?

वेंगुर्लेकर_फिगरवाला:
घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि समोरच्या रस्त्याने दिवसभर चिऱ्यांचे ट्रक, त्यामुळे सकाळी पुसलं तरी संध्याकाळी तांबडी धूळ. चाळीसेक फिगर्स आहेत, बहुतेक पीव्हीसीच्या अॅनिमेवाल्या (जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती), थोडं लेगो, थोड्या हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्या, सगळं उघड्या फळीवर, शेजारी आईची सावंतवाडीची लाकडी फळं. परवा फडक्याने पुसताना एकाची तलवार मोडली, फेविक्विकने जोडली तर भोवती पांढरा डाग पडला तो जातच नाय. पावसाळा संपल्यापासून काहींना चिकटपणा आलाय. आई म्हणते पिशवीत बांध आणि माळ्यावर टाक. टाकू काय?

डबाबंद:
माळ्यावर अजिबात नको! पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, तेच हळूहळू बाहेर येऊन चिकट थर होतो, आणि कौलाखालच्या उकाड्यात पिशवीत कोंडलंस तर आणखीच. आधी सुक्या मेकअप ब्रशने धूळ झटक, मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि सांध्यात पाणी राहणार नाही असं पंख्याखाली नीट सुकव. कडकडीत गरम पाणी नको, पीव्हीसी मऊ पडून पाय वाकतात (वाकलेला पाय सरळ करायला मात्र लोक तेच वापरतात). लेगोची कंपनी पण 40 डिग्रीच्या वर पाणी नको म्हणते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावलंस तर रंगासकट चेहरा जाईल, मी एकाचे डोळे घालवलेत.

मालवणी_माशांक:
अरे बाबा, धुवून काय होतला, उघड्या फळीर ठेवलंस तर आठ दिवसात परत तीच गत. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं म्हणून आपल्याकडे धूळ झटकली तरी जात नाही, लिंपल्यासारखी बसते. काचेचं कपाट घे, दरवाजाच्या फटीला खिडकीला लावतात ती फोमची पट्टी मार, आत सिलिका जेल. रंग बदलणारं घे म्हणजे ओल धरली की कळतं, मग गरम करून परत वापरता येतं, फक्त त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नको.

डबाबंद:
पट्टी बरोबर, पण आठवड्यातून एकदा दार उघडून वारा लागू दे, नाहीतर तोच चिकटपणा आत कोंडणार. आणि कपाट खिडकीसमोर ठेवू नको, उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

सड्यावरची:
हॉट व्हील्स बुडवू नका हां, धातूच्या दांड्यांना गंज धरतो, माझ्या दोन गाड्यांची चाकं फिरेनाशी झाली. लाकडी फळांना तर पाणी दाखवूच नका, सुकं मऊ कापड बस.

वेंगुर्लेकर_फिगरवाला:
काल तीन धुतल्या. बादलीतलं पाणी बघून आई म्हणाली हे काय कोकम सरबत? चिकटपणा दोघांचा गेला, तिसरीच्या केसांना अजून थोडा आहे, परत धुवेन. तलवारीचा डाग तसाच, ती बाजू भिंतीकडे वळवली. कपाट सांगितलंय सुताराला. खालचा खण आईने आताच मागून घेतलाय, फळांसाठी.